एकोणतीस पोचे

९ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळचे अकरा. रक्कम सहा हजार पाचशे दिरहम. त्या दिवशीच्या तेवीस रुपये ऐंशी पैसे दराने एक लाख चोपन्न हजार सातशे रुपये. जागा, शारजात अल मजाजमधला आमचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, आणि मुलगी ज्या चौघांच्या जॅझ ग्रुपमध्ये पियानो वाजवते त्यातला स्टील पॅन हे पत्र्याचं वाद्य वाजवणारा, त्रिनिदादचा. रक्कम पाकिटात होती आणि पाकीट टीपॉयवर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी. जमिनीवर, जुन्या चादरीवर, त्याचा पॅन ठेवला होता. तो मी बिघडवला होता, आणि पाकीट त्यासाठी होतं.

हे कसं झालं ते क्रमाने लिहितो.

मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं आहे. वापरलेले तेलाचे ड्रम आम्ही विकत घेतो, धुतो, त्यांचे पोचे काढतो, रंगवतो, भट्टीत भाजतो आणि पुन्हा विकतो. कॉस्टिंग आणि क्वालिटी या दोन्हींचे कागद माझ्याकडे असतात. प्रत्येक ड्रमबरोबर एक जॉब कार्ड फिरतं. ते कार्ड मीच बनवलेलं आहे. चौदा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने पोचे असलेला माल परत पाठवला, तेव्हापासून त्यात डेंटचे दोन रकाने घातले: किती सापडले आणि किती उरले. दुसऱ्या रकान्यात शून्य आल्याशिवाय ड्रम रंगाला जात नाही. या नियमाला अपवाद नाही; मॅनेजरने सांगितलं तरी नाही. मला या कार्डाचा अभिमान होता, हे मी मोकळेपणाने लिहितो.

मुलगी इथेच जन्मली. दुबईत ऊद मेथाला शाळेत होती तेव्हा शाळा सुटल्यावर जवळच पियानो शिकायची आणि मी गाडीत बसून वाट बघायचो. आता ती तेवीस वर्षांची आहे, दुबईत नोकरी करते आणि संध्याकाळी या ग्रुपबरोबर वाजवते. बाकीचे दोघे, एक डबल बास वाजवणारा आणि एक ड्रम्सवाला, आमच्या घरी क्वचित आले. पॅनवाला मात्र बरेचदा यायचा. माझ्याच वयाचा, एकावन्न-बावन्नचा. दिवसा एका हॉटेलात बँक्वेटचं काम बघायचा. बायकोने केलेली साबुदाण्याची खिचडी त्याला फार आवडायची आणि तो तिला न लाजता दुसऱ्यांदा मागायचा.

त्याने पॅन पहिल्यांदा खोळीतून काढला तेव्हा मला हसू आलं होतं. तो आमचाच ड्रम होता. दोनशे दहा लिटरचा, तळापासून वीतभर उंचीवर कापलेला. तळाचा पत्रा ठोकून ठोकून मोठ्या कढईसारखा खोल केलेला, आणि त्या खोलगट भागावर लहानमोठे उंचवटे. प्रत्येक उंचवटा म्हणजे एक सूर. मी बोट फिरवून पत्र्याची जाडी सांगितली, एक पूर्णांक दोन मिलिमीटर, आणि त्याने मान डोलावली. बरोबर होती. मी विचारलं, सूर किती? तो म्हणाला, एकोणतीस.

मग त्याने वाजवलं. आधी त्याच्या आईची एक जुनी चाल, कार्निव्हलच्या मिरवणुकीत चालत चालत म्हणायची. ती दोनदा झाली की मुलगी पियानोवर शिरायची, आणि त्यानंतर जे व्हायचं ते कुठेच लिहिलेलं नसायचं. चाल मध्येच दिसायची, पुन्हा नाहीशी व्हायची. मला हिशोबाची सवय, म्हणून मी मांडीवर बोटांनी मात्रा मोजायचो. दरवेळी चुकायचो. एकदा मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला की तुम्ही मोजता ते ठीकच आहे, पण आमच्याकडे हे रस्त्यावर चालत वाजवायचे, पॅन गळ्यात अडकवून. तेव्हा माणसांची पावलं मोजा, बाकीचं आपोआप जागेवर येईल. तेव्हापासून मी पावलं मोजायला लागलो आणि थोडं थोडं कळायला लागलं.

हा पॅन त्याच्या मामाने बनवलेला होता. मामाचं कामच ते. पॅन ठोकून घडवायचा, आगीवर तापवायचा आणि मग बारीक हातोडीने एकेक सूर लावायचा, महिनाभर.

डिसेंबरमध्ये तो सुट्टीवर त्रिनिदादला गेला. दुबईत देरामध्ये ज्या खोलीत राहायचा तिथे आणखी तिघं असतात, म्हणून पॅन आमच्याकडे ठेवून गेला. मुलीच्या खोलीत, खिडकीखाली. आमची खिडकी तळ्याच्या बाजूला उघडते. जानेवारीतल्या दमट हवेत पत्र्याच्या कडेला गंजाचे ठिपके आले. मी रोज सकाळी बघायचो आणि ते वाढलेले दिसायचे. बायको म्हणाली, "अहो, तो येईल तेव्हा बघेल ना. तुमचा हात का शिवशिवतोय?"

माझ्या मनात होतं की माणूस परत येईल तेव्हा वस्तू स्वच्छ असावी. आपल्याकडे कारखाना आहे, खर्च फार तर वीस दिरहम. मुलगी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला अबू धाबीत होती. तिला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. पॅन गाडीत घातला, कारखान्यात उतरवला, कार्ड लावलं आणि शेरा लिहिला: गंज काढून निळा रंग, पर्सनल, काळजीपूर्वक करणे.

तिसऱ्या दिवशी कार्ड माझ्या टेबलावर आलं. डेंट सापडले, एकोणतीस. उरले, शून्य. मी सही केली.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. एकोणतीस हा आकडा मी त्याच्या तोंडून ऐकला होता. आकडा माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी लोकांना सांगत आलो. पण शून्य बघितलं की सही करायची हे चौदा वर्षांत हातात इतकं बसलं होतं की शून्याच्या शेजारच्या रकान्यात काय आहे ते डोळ्यांनी वाचलं आणि डोक्याने नाही.

बबल रॅपमध्ये गुंडाळलेला पॅन मी घरी आणला. मुलगी परत आली होती. तिने रॅप काढला. बाहेरून चकचकीत निळा, आतून कढई गुळगुळीत, एकही उंचवटा नाही. तिने रबर लावलेली काठी घेऊन मध्यभागी हलकेच मारलं. पत्र्याच्या डब्याचा आवाज आला. तिने दुसरीकडे मारलं, तिसरीकडे मारलं. मग काठी खाली ठेवली.

"बाबा, व्हॉट डिड यू डू?"

मी काय केलं ते सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. मराठीत म्हणाली, आणि ती मराठीत फार कमी बोलते, "त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात डेंटच्या टेबलाशी गेलो. तिथे बावीस वर्षं एकच माणूस आहे, गोरखपूरकडचा. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. मी विचारायच्या आधीच ते खुशीत म्हणाले, "साब, उनतीस निकाले. एक भी नहीं छोड़ा. सवा दो घंटे लगे." खोल कढई मुद्दाम केलेली आहे हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांना वाटलं साहेबांच्या बाल्कनीतल्या झाडांसाठी टब असेल, आणि वरचे उंचवटे मात्र कुणाच्या तरी निष्काळजीपणाने आलेले. आमच्याकडे पत्रा आत जाऊ दे की बाहेर येऊ दे, दोन्ही डेंटच. शेरा काळजीपूर्वक करण्याचा होता, म्हणून त्यांनी मशीन न वापरता हाताने केलं.

मी त्यांना खरं सांगितलं तेव्हा ते खाली बसले. मग विचारलं, "मेरी नौकरी जाएगी?" मी म्हटलं, चूक कार्डाची आहे आणि कार्ड माझं आहे. त्याने त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही.

त्या आठवड्यात मी नव्या पॅनची किंमत चार ठिकाणी विचारली. त्या प्रकारचा, त्या दर्जाचा, जहाजाच्या भाड्यासह सहा हजार पाचशे. बँकेतून काढले. आणि रविवारी, तो आल्यावर, चहा दिल्यावर, मी उभा राहूनच सगळं सांगितलं. जसं झालं तसं, काही न वगळता, शेऱ्यासकट.

त्याने पाकिटाकडे पाहिलं नाही. पॅन मांडीवर घेतला आणि आतून हात फिरवत राहिला, जसं आपण आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतो. एका जागी त्याचं बोट थांबलं. प्रत्येक सुराच्या भोवती मामाने छिन्नीने एक रेघ ठोकलेली होती. रंगाखाली ती अजून लागत होती. बोटाने रेघेमागून रेघ तो चाचपत गेला.

मग त्याने सांगितलं की मामाला आता ऐकू येत नाही. या सुट्टीत तो गेला तेव्हा मामा त्याच्यासमोर बसला, आणि तो दुसऱ्या कुणाचा पॅन वाजवत असताना मामाने कडेवर बोटं टेकवून ठेवली. तेवढंच त्याला कळतं. नवा पॅन विकत मिळतो, तो म्हणाला. मामाच्या हातचा आता कुणाला मिळणार नाही. आणि याच महिन्याच्या सत्तावीस तारखेला ग्रुपचा कार्यक्रम आहे, तो या पॅनवर बसवलेला आहे.

बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेवटी त्याने पाकीट दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "ज्याने हे काढले, त्याला मला भेटायचंय."

मला वाटलं आता चाचांना बोल ऐकावे लागणार. पण नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता.

मॅनेजरकडून लेखी परवानगी घेतली, गेट पास काढले, आणि पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, आम्ही बंद कारखान्यात गेलो. तो, मुलगी आणि मी. चाचा आधीच येऊन बसले होते, सुट्टीच्या दिवशीचा पांढरा शर्ट घालून. पॅनवाला त्यांच्यासमोर पॅन ठेवून मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "दिखाओ. कैसे किया." चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी लाकडी ठोकळा काढला, खालून कसा टेकवला ते दाखवलं, आणि वरून चामडं गुंडाळलेली हातोडी किती हलकी मारली तेही. एका घावात नाही, चाळीस-पन्नास घावांत एक.

तो बघत राहिला. मग इंग्रजीत मला म्हणाला, यांना विचारा, पत्रा ताणला का? मी विचारलं. चाचांना प्रश्नाचा रागच आला. "ताना? पत्रा ताना तो बाईस साल क्या किया मैंने?"

हे भाषांतर करून सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला. पत्रा ताणला नसेल तर तो आहे तेवढाच जाड आहे, आणि जो खाली बसवला तो परत वर आणता येईल. सगळा नाही, पण काही. तो सूर लावणारा नव्हता; मामाला काम करताना लहानपणापासून बघितलं होतं एवढंच. ठोकायचा हात चाचांचा होता. मुलीच्या फोनवर सुराची सुई दाखवणारं ॲप होतं. आणि मी कागद घेतला, रकाने आखले: सूर, हवा तेवढा, आला तेवढा.

पहिल्या सुराला एक तास चाळीस मिनिटं लागली. चाचा खालून उचलत, तो वरून काठीने मारून ऐकत, मुलगी "स्टिल फ्लॅट" म्हणत, म्हणजे सूर अजून उतरलेला. दोन तासांत चाचांना तो शब्द कळला आणि सुईकडे न बघताच ते तिला विचारू लागले, "फ्लाट है क्या बेटा?" एकदा ती नाही म्हणाली तर म्हणाले, "झूठ. अभी फ्लाट है." होता. जेवायला बायकोने दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. आठ तासांत चार सूर आले.

तेवीस तारखेला पुन्हा आठ तास. हात आता बसला होता. सात आले. एकूण अकरा. बारावा करताना पत्र्याला केसाएवढी चीर गेली. चाचांनी हातोडी तशीच हवेत धरली. पॅनवाल्याने वाकून चिरेवर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "खलास. अकरा पुरे."

अकरा पुरे नव्हते. हे मला कागदावरून दिसत होतं. एकोणतिसांतून अकरा गेले, उरले अठरा. आईच्या त्या चालीला लागणाऱ्या सुरांपैकी तीन नव्हतेच, आणि त्यातला एक तिचा शेवटचा. मी मुलीला गाडीत म्हटलं की कार्यक्रम पुढे ढकला. ती म्हणाली, रमजान लागतोय, पुढे म्हणजे एप्रिल. आणि मग म्हणाली, "बाबा, ही डझन्ट वॉन्ट टू." पुढचे तीन दिवस संध्याकाळी ते दोघं आमच्या हॉलमध्ये बसले. मी दार लावून आतल्या खोलीत बसायचो. मला तिथे बसवेना.

सत्तावीस तारीख, गुरुवार, संध्याकाळचे सात. दुबईत एका जुन्या गोदामाचं सभागृह केलेलं आहे तिथे. खुर्च्या नव्वद, मी मोजल्या, भरलेल्या एक्काहत्तर. चाचांना मी घेऊन गेलो होतो. तोच पांढरा शर्ट, आज इस्त्रीचा. ते खुर्चीच्या कडेला बसले होते, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं असे.

पहिली दोन गाणी त्यांनी अकरा सुरांत बसवली होती. कमी पडलेलं मला ऐकू आलं नाही. पियानो इतका जवळ चालत होता. तिसरी आईची चाल. मी पावलं मोजायला लागलो. पहिला गाळलेला सूर जिथे यायचा ती जागा आली. पियानोने ती जागा भरली नाही. पॅनवाल्याने काठी नेमकी त्या सपाट केलेल्या जागेवर मारली, आणि डब्यासारखा आवाज आला, बद्द. पुन्हा तिथेच, बद्द. बास त्या ठोक्याला येऊन मिळाला, मग ड्रम्स. मग त्याने एकेक करून त्या अठरा मुक्या जागा घेतल्या. कुठली भरीव वाजली, कुठली पोकळ, चिरेची जागा नुसती खरखरली. अकरांवर चाल आणि अठरांवर पावलं. मिरवणूक चालली आहे हे मला पहिल्यांदा न मोजता कळलं. शेवटचा सूर आलाच नाही. त्याच्या जागी एक ठोका पडला आणि तो थांबला.

लोकांना ते मुद्दाम बसवलेलं वाटलं असणार. टाळ्यांमध्ये चाचा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "साब, वो आख़िरवाला मैंने सबसे अच्छा निकाला था."



आता हिशोब. पाकीट त्याने त्यानंतरही दोनदा परत केलं. एकदा कारखान्याच्या दाराशी, एकदा त्या संध्याकाळी. चौथ्यांदा देऊ नका, असं बायको म्हणाली. त्याने घेतल्यावर तुम्हाला मोकळं वाटेल, त्याला वाटणार नाही. ते कपाटात आहे. जॉब कार्डावर मी एक नवा रकाना घातला आहे: हे मुद्दाम केलेलं आहे का, मालकाला विचारलं? हो किंवा नाही.

चाचांच्या दोन रविवारांचे सोळा तास. मूळ पगार अकराशे दिरहम, तासाला चार पूर्णांक अठ्ठावन्न, सुट्टीच्या दिवसाचा दीडपट धरून सहा पूर्णांक सत्त्याऐंशी आणि वर अर्धा फिल्स, म्हणजे इथला पैसा. एकूण एकशे दहा. हे काम कंपनीचं नव्हतं, म्हणून मी माझ्या खिशातून भरले आणि व्हाउचरवर त्यांची सही घेतली. त्यांनी मोजून घेतले.

कार्यक्रमाचे सभागृहाकडून तीन हजार आले होते. दरवेळी त्याचे चार वाटे होतात, प्रत्येकी साडेसातशे. या वेळी पॅनवाल्याने पाच केले. पाचवा वाटा कुणाचा, हे माझ्या मुलीने मला घरी आल्यावर सांगितलं, आणि व्हाउचर केलंस का, असं मी विचारायच्या आधीच म्हणाली की नाही केलं.

दिले: सहाशे दिरहम, त्याच दराने चौदा हजार दोनशे ऐंशी रुपये, डेंट काढणाऱ्या चाचांना, सूर लावल्याबद्दल.